सोनकांबळे बेलीफ आणि माझी तामील

सोनकांबळे बेलीफ वारल्याचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या ट्रॅक्टरच्या किमतीवरून शिरूर ताजबंदच्या शेतकऱ्याशी भांडत होतो. तासभर झाला होता. त्याने आकडा सांगायचा, मी हसायचं; मी आकडा सांगायचा, त्याने उठून चपला घालायच्या. फोन ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, तू म्हणतोस तेवढ्याला दे." त्या माणसाचा चेहराच उतरला. व्यंकटशेठ एका दमात हो म्हणतो म्हणजे आपण फारच कमी मागितलं, असं त्याला वाटलं. त्याने ट्रॅक्टर चालू केला आणि आल्या पावली परत नेला.

जाता जाताही या माणसाने माझं नुकसान केलं ते असं.

लोक त्यांच्याविषयी फार चांगलं बोलतात. बोलू द्या. मी माझी बाजू मांडतो.

आमचं अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावर साधारण मधोमध आहे. दोन्हीकडच्या गाड्या इथे चहाला थांबतात आणि काम शोधायला दोन्हीकडे जाणारी माणसं इथूनच चढतात. काही लातूरला उतरतात, काही नांदेडला, बरीचशी पुढे पुण्यापर्यंत जातात. ज्याला कुठेच जायचं नसेल, गावातच काम पाहिजे असेल, त्याला सगळे एकच पत्ता सांगत: बुद्धविहाराच्या मागची गल्ली, निळा दरवाजा, सोनकांबळे बेलीफ.

बेलीफ म्हणजे कोर्टाचं समन्स घरोघर पोचवणारा माणूस. साहेबांनी हे काम बत्तीस वर्षं केलं. उंच, वाळका देह, पांढरा बुशकोट, खिशाला दोन पेनं आणि खांद्याला खाकी पिशवी. चालायचे ते कायम भिंतीच्या कडेने. समोरून गेलं की माणूस पळतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. कोणत्या व्यापाऱ्याचं मागचं दार कोणत्या बोळात उघडतं, कोण दुपारी कुठे झोपतो, कोण स्वतःच्याच घरात पाहुणा म्हणून राहतो, सगळं तोंडपाठ. एक किराणा दुकानदार त्यांना पाहिलं की तुरीच्या पोत्यांमागे जाऊन बसायचा. साहेब पोत्यांसमोर उभं राहून समन्स मोठ्याने वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, "शेठ, ऐकू आलं असेल. आता सही पोत्यावरून द्या, मी उंच आहे, पोचतो हात."

समन्स माणसाच्या हातात पडलं की अहवालात लिहायचं, 'तामील'. माणसाने नाकारलं, किंवा घरात असून नाही म्हणवलं, तर ते दारावर डकवायचं आणि तसं लिहायचं. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. हे तीन नियम साहेबांनी निवृत्तीनंतरही पाळले. माझ्या आयुष्याचा घोळ या तीन नियमांनी केला.

निवृत्त झाल्यावर त्यांना घरी बसवेना. रिकामी पिशवी खांद्याला लावून ते रोज दहाला निघायचे आणि जुन्याच रस्त्यांनी फिरायचे. ते निवृत्त झालेत हे बाजाराला माहीत होतं, पण दुकानदारांच्या पायांना माहीत नव्हतं. पिशवी दिसली की शटर अर्धं खाली यायचंच. एकदा एका रंगाच्या दुकानाचा मालक पळायला जागा न मिळाल्यामुळे काउंटरमागे सापडला. घाम पुसत त्याने विचारलं, "आता काय आणलंत, साहेब?" साहेबांकडे काहीच नव्हतं. शेजारच्या बाईचा बेकार भाचा पाठीमागे उगीच चालत आला होता. साहेबांनी त्याला पुढे केला. "समन्स नाही. माणूस आणलाय. कामाला ठेवा." समन्स नाही म्हटल्यावर त्या मालकाला इतकं हायसं वाटलं की त्याने भाच्याला तिथल्या तिथे ठेवून घेतलं. भाचा अजून तिथेच आहे. आता तो कोणती भिंत किती रंग पिईल ते नुसत्या नजरेने सांगतो.

साहेबांनी त्या दिवसापासून एक वही सुरू केली. माणसाचं नाव, कोणाकडे नेला, आणि मालकाची पोच म्हणून सही. माणूस लागला की पुढे तांबड्या शाईत 'तामील'. त्यांनी कोणाकडून कधी पैसा घेतला नाही. पक्षकाराचं खायचं नाही हा कोर्टातला नियम होता, म्हणून मालकाच्या दुकानात ते पाण्याखेरीज काही घेत नसत.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्या पायांनी नाही. वडील घेऊन गेले.

मी बी.ए. होऊन दोन वर्षं वाडीत बसलो होतो. वाडी अहमदपूरपासून नऊ किलोमीटर. आबांनी एक दिवस जेवताना सांगितलं, "पाडव्यापातुर बघतो. पाडव्याला सालगडीबी जागा धरतो. तवर तुझं काय झालं न्हाई तर चाकणला दाजीकडं जायचं. मंग बोलायचं न्हाई."

चाकणला मी एकदा पंधरा दिवस राहून आलो होतो. एका खोलीत नऊ जण, तीन पाळ्यांत झोपायचे. भांडण काढलं तर समोरचा झोपलेला असायचा. मला तिकडे जायचं नव्हतं. इथे बाजारात उभं राहिलं की दहा माणसं नावाने हाक मारतात, दहांतल्या चौघांशी आपला वाद चालू असतो. असं गाव सोडून माणूस जगतो कशासाठी? पाडव्याला चार आठवडे उरले होते.

आबा त्या गल्लीत आयुष्यात पहिल्यांदाच गेले असावेत. निळ्या दरवाज्यापाशी जाऊन थबकले. आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली लोखंडी कॉट, कॉटवर साहेब. आबांचा एक पाय उंबऱ्याच्या अलीकडे तसाच राहिला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. बत्तीस वर्षं लोकांच्या उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस तो. त्यांना उंबऱ्यावरचा माणूस लगेच वाचता यायचा.

"ज्ञानोबाराव, आत येता, की उंबऱ्यावरच तामील करू?"

आबा आत गेले. कॉटवर बसले आणि चहाही प्याले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "साखर जरा जास्त हुती." बाकी काही बोलले नाहीत.

माझी चौकशी सुरू झाली.

"नाव?"

"व्यंकट."

"बापाचं?"

"हे काय, समोर बसलेत."

"विचारलं ते सांग."

"ज्ञानोबा."

"धंदा?"

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "धंदा, काही नाही."

माझं डोकं सटकलं. "काही नाही कसं? शोधून राहिलो म्हणून लिवा की!"

"शोधणं दिसत नाही. बसलेलं दिसतंय." त्यांनी पान उलटलं. "उद्या दहाला ये. मन्मथअप्पांकडे जाऊ."

"एकच दुकान? दोन-तीन दाखवा, त्यातलं निवडतो."

साहेबांनी माझ्या नावाखाली बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

मन्मथअप्पांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडावर होतं. आम्ही गेलो तर शटर नेहमीप्रमाणे अर्ध्यावर आलं, मग 'माणूस आणलाय' ऐकून वर गेलं. अप्पांनी गादीवर जागा दिली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पोरगं कसंय, साहेब?"

अशा वेळी कोणीही काय म्हणतो? चांगला आहे, घरचा समजा, शब्द माझा. संपलं. साहेबांनी वही उघडली आणि वाचलं:

"प्रामाणिक आहे. हिशोबाला पक्का आहे. तापट आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीचाही भाव करतो. मालकाचं आणि गिऱ्हाइकाचं बिनसलं तर हा कोणाच्या बाजूने बोलेल, ते सांगता येत नाही."

"साहेब!" मी ओरडलो.

"हे बघा," साहेब अप्पांना म्हणाले, "तापटचा पुरावा."

अप्पा हसले म्हणून मी लागलो. अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी हाडोळतीचा एक म्हातारा बोअरसाठी पाइप घ्यायला आला. अप्पांनी भाव सांगितला. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि कमरेच्या पिशवीत हात घातला. माझ्याच्याने पाहवेना. पहिल्या भावाला मान डोलावणारं गिऱ्हाईक म्हणजे मला डोळ्यांदेखत अपघात झाल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, "बाबा, कमी करा म्हणा की! करत्यात अप्पा. काल एकाला केलं."

अप्पांनी भाव कमी केला. मग माझा हिशोब केला आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. "व्यंकट, तू लई गुणी हायस. पन तू गिऱ्हाइकाकडं नोकरीला लाग."

मी तडक निळ्या दरवाज्यावर गेलो. "तुमच्या त्या अहवालानं नोकरी गेली! आधीच त्यांच्या डोक्यात भरवलंत तुम्ही!"

"मी काय लिहिलं होतं?" त्यांनी शांतपणे पान काढून दाखवलं. "बरोबर निघालं ना?"

अशा माणसाशी वाद कसा घालायचा? मी सगळ्यांशी घालतो, यांच्याशी मला जमायचा नाही, याचंच जास्त डोकं फिरायचं.

पाडव्याला दोन आठवडे होते. साहेबांनी पिशवी उचलली. गोविंदशेठच्या डाळमिलला काट्यावर वजन करणारा माणूस पाहिजे, अशी पक्की खबर त्यांच्याकडे होती. "उद्या सात वाजता. या शेठला सकाळीच गाठावं लागतं."

गोविंदशेठ म्हणजे साहेबांच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. भावाशी वाटणीचे दावे, शेजाऱ्याशी भिंतीचे दावे, एक दावा तर झाडाच्या सावलीवरून. वीस वर्षांत साहेबांनी त्यांना चाळीसेक समन्सं दिली असतील, आणि त्यातलं एकही पुढच्या दारात नाही. मिलच्या मागे भुसा भरायच्या फाटकाशी एक छोटं दार होतं, तिथूनच शेठ ये-जा करायचे आणि तिथेच साहेब त्यांना धरायचे. मिलला पुढची बाजू आहे हे साहेब विसरूनच गेले होते म्हणा ना.

आम्ही सातला मागच्या दारात. साहेबांनी कडी वाजवली. आतून गड्याचा आवाज आला, "शेठ न्हाईत."

साहेब खूश झाले. "नाहीत म्हणजे आहेत. हाच आवाज, हेच वाक्य, वीस वर्षं." त्यांनी वहीतून एक कागद फाडला, त्यावर माझं नाव, बापाचं नाव आणि 'काम मागण्यास हजर' एवढं लिहिलं, पिशवीतून डिंकाची बाटली काढली आणि कागद दारावर चिकटवला. मग मला दाराखालच्या फरशीवर बसवलं.

"हे काय?"

"डकवला तुला."

"मला?"

"उठायचं नाही. शेठ कधीतरी या दारानं निघणारच. निघाला की हजर व्हायचं."

मी बसलो. हसू नका, तुमच्या मागे चाकण लागलं असतं तर तुम्हीही बसला असता. चांगला दोन दिवस बसलो. डोक्यावर माझ्याच नावाचा कागद, समोर तूर घेऊन आलेल्या ट्रॅक्टरांची रांग. येणारा-जाणारा आधी कागद वाचायचा, मग मला वाचायचा. एका आजीने विचारलं, "लेकरा, घर जप्त झालं का रे?" गड्याला पहिल्या दिवशी माझा संशय आला, दुसऱ्या दिवशी दया आली, त्याने भाकरी आणून दिली आणि हळूच सांगितलं, "शेठ खरंच न्हाईत हिकडं." पण साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तो असंच म्हणेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी रांगेतला एक ट्रॅक्टर बंद पडला. मालक सुनेगावचा. त्याने बॉनेटवर लाथ मारली आणि जाहीर केलं, "इकून टाकतो ह्याला! आत्ताच्या आत्ता!" मागच्या ट्रॅक्टरवरचा माणूस म्हणाला, "कितीला देतूस?" आणि दोघे सौदा करू लागले. इतका गचाळ सौदा मी जन्मात पाहिला नव्हता. विकणारा रागात स्वतःच खाली उतरत होता आणि घेणारा घाबरून स्वतःच वर चढत होता. एका क्षणी दोघे एकमेकांना ओलांडून पुढे गेले. घेणारा विकणाऱ्यापेक्षा जास्त बोलला आणि दोघांनाही कळलं नाही!

मी फरशीवरून ओरडलो, "थांबा! दोघंबी येडे झालात का?"

उठायचं नव्हतं म्हणून बसल्या जागेवरूनच मी दोघांना पुढ्यात बसवलं. एकाला राग गिळायला लावला, दुसऱ्याला टायर आणि इंजिन बघायला लावलं. पाऊण तासात सौदा झाला. दोघांनीही खुशीने माझ्या हातावर काही ठेवलं, आणि तिसराच एकजण पुढे आला. "भाऊ, माझाबी एक जुना हाय. बघता का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी शोधत मिलला वळसा घालून पुढे गेलो. बघतो तर काय, पुढच्या दारात मोठी खुर्ची-टेबल टाकून गोविंदशेठ उघड्यावर बसलेले, समोर पेपर. मला पाहून म्हणाले, "कोण पायजे?"

"सोनकांबळे साहेबांनी पाठवलंय. काट्यावरच्या कामाला."

"अरे, दोन दिवस तुझीच वाट बघून राहिलो! साहेबांचा निरोप व्हता, माणूस आणतो म्हणून. शेवटी आज सकाळी दुसरा ठेवला. व्हतास कुठं?"

"मागच्या दारात."

शेठ बराच वेळ हसत राहिले. मग अभिमानाने म्हणाले, "समदे दावे मिटले माझे. सा महिने झाले, मी पुढंच बसतो."

मी धावतच निळ्या दरवाज्यावर गेलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मागचं दार चुकलं हे त्यांना मनापासून लागलं, दोनदा म्हणाले, "पुढं बसतो? गोविंदशेठ?" मग विचारलं, "आता तू काय करणार?"

"जातो परत तिकडंच! एकाचा ट्रॅक्टर इकायचाय, त्याला आज टाइम दिलाय."

"तिकडं म्हणजे?"

"मिलच्या मागं."

साहेबांनी वही ओढली, तांबडं पेन काढलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं, 'तामील'.

"हे काय? कोणाकडं लागलो मी? कोणाची सही हाय?"

"डकवलेल्याला सही लागत नाही. जिथं डकवला तिथंच काम लागलं. तामील वैध."

पाडवा आला आणि गेला. आबांनी चाकणचं नाव काढलं नाही, कारण त्या दोन आठवड्यांत मी चार ट्रॅक्टर इकडचे तिकडे केले होते. पुढे रस्त्याला जागा घेतली, पत्रे ठोकले, शेड झालं, ऑफिस झालं. आज नांदेडपासून निलंग्यापर्यंत कोणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा-विकायचा असेल तर तो माझ्याकडे येतो. हे मी केलं. माझ्या जिभेने, माझ्या डोक्याने, उन्हात उभं राहून. कोणी भांडवल दिलं नाही, कोणी शब्द टाकला नाही. आणि हा माणूस गावभर सांगतो, "तो ट्रॅक्टरवाला व्यंकट ना? मीच डकवला त्याला."

त्या एका तांबड्या शब्दासाठी मी चौदा वर्षं त्यांच्याशी भांडलो. लग्नात भेटलो की भांडलो, आठवडी बाजारात भेटलो की भांडलो. ते नव्या उमेदवारांना वहीतलं माझं पान दाखवायचे. "हा बघ. हासुद्धा लागला. तुझं तर सोपं आहे." हे 'सुद्धा' मला फार झोंबायचं.

एकदा मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. मी रंगात आलो. म्हणालो, "मित्रांनो, मी शून्यातून उभा राहिलो. मला कोणी हात दिला नाही, मला कोणी कुठल्या दारात उभं केलं नाही."

पहिल्या रांगेत साहेब बसले होते. त्यांनी कोर्टात करतात तसा हात वर केला. "हरकत आहे."

सगळ्या मंडपाने माना वळवल्या.

"उभं केलं नाही, हे खरं आहे," साहेब म्हणाले. "बसवलं होतं."

पुढचं माझं भाषण कोणी ऐकलं नाही. मन्मथअप्पा तर शाल तोंडात कोंबून हसत होते. ती शालही माझी.

गेल्या उन्हाळ्यात ते माझ्या ऑफिसात आले. पंचाहत्तरी उलटली होती, हातात काठी आली होती, पण पिशवी तीच. बरोबर पंचेचाळिशीची एक बाई. मला समजलं. माझे पाय आपोआप टेबलाखाली मागे सरकले. आता दुकानदार मी होतो ना.

"समन्स नाही," साहेब म्हणाले. "या शाहीनबाई. नांदेडला गाड्यांच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्याकडे अठरा वर्षं होत्या. त्याने धंदा बंद केला. इथे आई अंथरुणावर आहे, तिला सोडून बाहेरगावी जाता येत नाही. गावातच काम पाहिजे."

मला अशा माणसाची केवढी गरज होती! अकरा ट्रॅक्टर नावावर करायचे पडून होते, एकेका कागदासाठी गिऱ्हाइकं शिव्या देत होती. पण गरज दाखवली की सौदा गेला. मी तोंड कडू केलं. "जागा न्हाई सध्या, साहेब. बघू दिवाळीनंतर."

बाईंनी ओढणी सारखी केली आणि साहेबांकडे पाहिलं. ते बघणं मला ओळखीचं वाटलं, म्हणून मी लगेच घाईने विचारलं, "बरं, कशा आहेत?"

साहेबांनी वाचलं. "कामाला पक्क्या. तोंडाने फटकळ. खोटी सही दिसली तर कागद मालकाच्या अंगावर परत टाकतात. त्यावरून आधीच्या ठिकाणी दोनदा काढलं, दोनदा परत बोलावलं."

"तीनदा, साहब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी दुरुस्ती करून घेतली.

मी खुर्चीत मागे रेललो. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझ्याकडून काहीतरी पाहिजे होतं. "ठेवतो. उद्यापासून ठेवतो. पण एक अट. माझ्या नावापुढचं तामील खोडायचं. आत्ता, माझ्यासमोर."

मी तयारीत होतो. ते नियम सांगतील, मी नोकरी नाही म्हणेन, ते उठतील, मी बसवेन. चांगला तासाभराचा सौदा मला दिसत होता. साहेबांनी पिशवीतून जुनी वही काढली, पान शोधलं, त्या शब्दावर एक रेघ मारली, बाजूला छोटी सही केली आणि विचारलं, "उद्या यांनी किती वाजता यायचं?"

"दहा... दहाला. पण साहेब, एवढ्या सहज? मंग चौदा वर्षं कामून खोडलं न्हाई?"

"चौदा वर्षं तू नुसता ओरडत होतास, व्यंकट. बदल्यात काही देत होतास का?"

शाहीनबाईंनी ओढणी तोंडावर धरली. मी वही पुढे ओढून पाहिली. रेघ इतकी बारीक होती की खालचा शब्द स्वच्छ वाचता येत होता.

"हे तर दिसतंय अजून!"

"खोडायचं ठरलं होतं," साहेब म्हणाले. "दिसू नये, असं तू बोलला नव्हतास."

आजवर माझ्याशी व्यवहार करून कोणी एवढ्या स्वस्तात सुटलं नव्हतं. शाहीनबाई आजही माझ्याकडे आहेत. मी त्यांना दोनदा काढलं आहे.

त्या दिवशी शाहीनबाई आईकडे पुढे गेल्या, मागोमाग साहेब उठले. मी चहा मागवला होता, तो त्यांनी घेतला नाही, पाणी घेतलं. काठी टेकत फाटकापर्यंत गेले आणि बसस्टँडला जाण्यासाठी एका ॲपे रिक्षाला हात केला. तिथून बसस्टँडचे दहा रुपये होतात, हे अहमदपुरात कोणालाही विचारा. ती चालवणाऱ्या पोट्ट्याने म्हातारा, काठी आणि पिशवी पाहिली आणि तीस मागितले. ज्या माणसाने पाच मिनिटांपूर्वी मला उभा सोलला होता, त्याने एक शब्द न बोलता खिशातून तीस रुपये काढून दिले आणि आत बसला.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी ऑफिसातून धावत सुटलो, हात हलवत, ओरडत, "ए! दहा होतात! दहा! परत कर वीस!" पण ॲपे रस्त्याला लागली होती आणि ट्रकांच्या आवाजात काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मागच्या बाकावरून साहेबांनी वळून पाहिलं आणि हसून बराच वेळ हात हलवला. त्यांना वाटलं, मी निरोप द्यायला धावत आलोय.